पुढचे पुस्तक कोणते?

व्यापारी घरांतील माणसे एकत्र आली की पहिला प्रश्न बाजाराचा निघतो, दुसरा प्रकृतीचा, तिसरा मुलामुलींच्या सोयरिकीचा. मग कोणत्या महाराजांचा चातुर्मास कोठे ठरला, यात्रेची गाडी केव्हा निघणार, धर्मशाळेचे काम कोठवर आले, हे विषय येतात. ‘सध्या काय वाचता?’ असे मात्र क्वचितच कोणी कोणाला विचारतो. विचारलेच, तर समोरचा गृहस्थ थोडा दचकतो; जणू त्याच्या वह्यांची तपासणी निघाली आहे. मग तो एखाद्या थोर ग्रंथाचे नाव सांगून मोकळा होतो, किंवा वेळ मिळत नाही असे सांगून. खरोखर काय वाचतो आहोत, कोठे अडलो आहोत आणि यानंतर काय वाचावे हे कळत नाही, असे उघडपणे सांगण्याची रीत आपल्या घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

सोलापुरात तरी असे व्हावयास नको होते. याच शहरातून शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ चालविले. मूडबिद्रीच्या भांडारात कडीकुलुपात असलेल्या धवल-जयधवलाच्या ताडपत्रांचे दर्शन घेऊन ते समाधान मानून परतले नाहीत. या ग्रंथांच्या प्रती व्हाव्यात आणि ते वाचले जावेत, यासाठी त्यांनी खटपट आरंभिली. त्यांचे चिरंजीव वालचंद यांचे जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग जगाला ठाऊक आहेत. वडिलांचा हा उद्योग मात्र कोणत्याच ताळेबंदात न मावणारा होता, म्हणून की काय, तो फारसा कोणाला आठवत नाही.

दुसरे नाव ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे. 1940 च्या सुमारास त्यांच्या मनाने घेतले की आपली न्यायोपार्जित संपत्ती धर्म आणि समाज यांच्या कामी लावावी. असा संकल्प करणारे श्रावक आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. पण जीवराजभाईंनी पुढे जे केले ते विरळा. संपत्ती कोणत्या कामाला लावावी हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले नाही. ते देशभर हिंडले, विद्वानांना भेटले, जे भेटले नाहीत त्यांची लेखी मते मागविली. ही सारी मते गोळा झाल्यावर 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर त्यांनी विद्वानांना एकत्र बोलाविले आणि प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला. त्या ऊहापोहातून जैन संस्कृती संरक्षक संघ जन्माला आला. प्रारंभी त्यांनी 30,000 रुपये दिले. 1944 मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व मालमत्ता विश्वस्त निधी म्हणून संघाच्या स्वाधीन केली. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांनी समाधिमरण साधले, तेव्हा त्यांच्या नावावर काही शिल्लक नव्हते.

या संघाची ग्रंथमाला म्हणजेच जीवराज जैन ग्रंथमाला. तिच्यात पहिला ग्रंथ कोणता निघावा? व्यापारी दृष्टीने पाहिले तर स्तोत्रसंग्रह किंवा व्रतकथा हाच उत्तम माल. हातोहात गेला असता. निघाला तो यतिवृषभाचार्यांचा ‘तिलोयपण्णत्ती’: प्राकृत भाषेतील, तिन्ही लोकांची रचना, मापे आणि गणित सांगणारा अवघड ग्रंथ. कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन यांनी तो संपादिला. पहिला भाग 1943 मध्ये आला आणि दुसरा 1951 मध्ये. भर महायुद्धात असे पुस्तक छापणे याला बाजारात धाडस म्हणत नाहीत. दुसराच शब्द वापरतात. पुढे 1949 मध्ये आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलका’वरील मोठा अभ्यास याच मालेत प्रसिद्ध झाला. दूर पूर्वेकडच्या एका जैनेतर पंडिताचे दहाव्या शतकातील जैन काव्यावरील लेखन सोलापूरच्या पैशाने जगापुढे आले, हे येथील किती घरांना ठाऊक असेल?

त्या काळातील ग्रंथ आजही जुन्या घरांतून सापडतात. वेष्टनात बांधलेल्या पोथ्या, जाड पुठ्ठ्याचे खंड, आतल्या पानावर कोणा आजोबांनी शाईने घातलेले नाव आणि वीरसंवत. दरवर्षी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, त्या बाहेर निघतात. धूळ झटकली जाते, नवे वेष्टन चढते, पूजा होते, आणि त्याच दिवशी सर्व काही पुन्हा कपाटात जाते. धरसेनाचार्यांनी गिरनारच्या गुहेत पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना जवळचे ज्ञान दिले, ते आपल्यामागे लोपून जाईल या भयाने. त्या दोघांनी षट्खंडागम लिपीबद्ध केला, त्याचा हा उत्सव. त्या दिवशी पोथी उघडून न वाचता ती केवळ पुन्हा बांधून ठेवावी, यातला विरोध कोणाच्या ध्यानात येत नाही.

कुटुंबाची वाटणी होते तेव्हा तर हे अधिक उघडे पडते. दुकान, गोदाम, भांडी, दागिने, येणी-देणी यांची यादी तोळामाशापर्यंत होते. ग्रंथांचे कपाट यादीत नसते. मोठा म्हणतो धाकट्याने ठेवावे, धाकट्याची सदनिका लहान असते. शेवटी ते मंदिराला अर्पण होते, आणि मंदिराच्या कपाटात आधीच तसे दहा संच असतात. याचा दोष कोणा एकाचा नाही. ज्या वस्तूविषयी घरात कधी बोलणेच झाले नाही, तिची किंमत वारसाला कशी कळावी?

तरुण पिढी वाचत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणात एखाद्या मुलाच्या मनाने उचल घेतली आणि त्याने घरातल्या वडिलांना विचारले, की मी काय वाचू, तर त्याला बहुधा काय मिळते? घरातील सर्वांत थोर ग्रंथ. ‘समयसार’ वाच, असे सांगितले जाते, कारण त्यापेक्षा मोठे नाव वडिलांच्याही परिचयाचे नसते. मुलगा चार दिवस झटतो, पाचव्या दिवशी पुस्तक मिटतो, आणि धर्मग्रंथ आपल्यासाठी नाहीत असा आयुष्यभराचा निकाल देऊन टाकतो. ज्याला आजवर हजाराची उधारी कोणी दिली नाही, त्याला पहिल्याच दिवशी लाखाची हुंडी दिल्यासारखे हे आहे.

या चुकीची किंमत काय होऊ शकते, हे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका जैन व्यापाऱ्यानेच लिहून ठेवले आहे. कवी बनारसीदास हे जौनपूरच्या श्रीमाळ घराण्यातले. जन्म 1586 चा. घराणे श्वेतांबर, आणि पुढे त्यांच्या लेखनाला अधिक मान मिळाला तो दिगंबर समाजात. म्हणून दोन्ही संप्रदायांना ते आपलेच वाटावेत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ या नावाने आपले चरित्र ब्रजभाषेत पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य 110 वर्षांचे धरले तर ही निम्मीच कथा, म्हणून हे नाव. व्यापारात बुडाल्याचा वृत्तांत इतक्या मोकळेपणाने लिहिणारा दुसरा व्यापारी आपल्या परंपरेत शोधून सापडणे कठीण.

तरुणपणी ते जवाहीर, कापड, तूप, तेल असा माल घेऊन आग्र्याला आले. अनुभव नव्हता, माल कमी भावात गेला, काही हरवले, काही उधारीत बुडाले. अखेर हाती काही उरले नाही. बाजारात जाण्याचे तोंड राहिले नाही, म्हणून ते घरीच बसू लागले आणि रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या दोन कथा मोठ्याने वाचू लागले. दोन्ही अवधीतील प्रेमकथा, दोन्ही सूफी कवींच्या. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून खरे सांगितले की जवळ पैसा नाही, यापुढे उधार देऊ नये. तो म्हणाला, खुशाल खा, वीस रुपयांपर्यंत कोणी काही विचारणार नाही. असे सहा-सात महिने चालले. पुढे दिवस पालटल्यावर हिशेब झाला तो 14 रुपयांचा, आणि तो फेडलाही गेला.

वाचनाने इतका रोकडा आधार दिल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच असेल. कोणी म्हणेल, प्रेमकथा वाचणे हे श्रावकाचे वाचन नव्हे. बनारसीदासांनाही पूर्वी एकदा तसे वाटले होते. शृंगारावर स्वतः रचलेल्या हजार पद्यांची पोथी त्यांनी गोमतीत सोडून दिली होती. तरीही आग्र्याच्या त्या वाईट दिवसांत त्यांच्याभोवती माणसे जमली ती या कथांमुळे, हे त्यांनी लपविलेले नाही.

पुढची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे. संवत् 1680 मध्ये एका धर्मप्रेमी गृहस्थाने त्यांना राजमल्लांच्या टीकेसह ‘समयसार’ दिला आणि वाचावयास सांगितले. त्यांनी मन लावून वाचला. देणाऱ्याचा हेतू चांगला, ग्रंथ सर्वोत्तम, वाचणारा बुद्धिमान. आणि परिणाम उलटा. शुद्ध आत्म्याचे वर्णन वाचून बाह्य क्रिया व्यर्थ होत, एवढेच त्यांच्या हाती लागले. व्रते सुटली, सामायिक सुटले. देवाला वाहिलेला नैवेद्य खाण्यापर्यंत मजल गेली. तीन मित्र जमवून बंद खोलीत नग्न फिरावे आणि आम्ही मुनी झालो म्हणावे, असे चाळे सुरू झाले. लोक नावे ठेवू लागले. आत्मानुभवाचा स्वाद नाही आणि क्रियेचाही रस गेला, अशी ही अवस्था सुमारे बारा वर्षे राहिली. कोणताही दुकानदार सांगेल, बारा वर्षे हा लहान काळ नव्हे.

सुटका झाली तीही वाचनानेच. संवत् 1692 मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले. अध्यात्माची गोडी असलेल्या मंडळींनी त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ ऐकण्याचे ठरविले. नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा हा ग्रंथ जीव कोणत्या गुणस्थानात असता त्याची कोणती योग्यता आणि कोणती क्रिया, याचा पायरीपायरीने विचार करतो. बनारसीदास ऐकत गेले तसा त्यांचा गोंधळ निवळत गेला. ‘समयसार’ खोटा नव्हता, तो शिखरावरून बोलत होता. पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला त्याआधी पायऱ्यांचा हिशेब हवा होता. पुढच्याच वर्षी, संवत् 1693 मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले, जे आजही शास्त्रसभांत आदराने वाचले जाते. पहिल्या वाचनानंतर हेच लिहिले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच बरी.

या प्रसंगात ग्रंथ बदलला एवढेच घडले नाही. पहिल्या वेळी ग्रंथ मिळाला आणि देणारा आपल्या वाटेने गेला. दुसऱ्या वेळी चार माणसे बसली होती, सांगणारा समोर होता, शंका विचारता येत होती. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच भेद सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. त्यांतील पृच्छना म्हणजे विचारणे आणि धर्मोपदेश म्हणजे समजलेले दुसऱ्याला सांगणे. या दोहोंना दुसरा माणूस लागतो. एकट्याने खोलीत बसून वाचणे हा पाचांतला एक भाग झाला, आणि आपण त्यालाच संपूर्ण स्वाध्याय समजून बसलो आहोत.

चांगला विचारणारा असला तर सांगणाराही कसा असावा, याचे एक उदाहरण मुंबईच्या जवाहीर बाजारातले आहे. श्रीमद् राजचंद्र, ज्यांना गांधीजी रायचंदभाई म्हणत, यांच्या पेढीवर हिशेबाच्या वह्यांबरोबर एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी नेहमी असे. लाखोंचा सौदा संपला की लगेच ती उघडत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. 1894 मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते. ख्रिस्ती मित्र एका बाजूने ओढत होते, मुसलमान मित्र दुसऱ्या बाजूने, आणि स्वतःच्या धर्माविषयी मनात शंका उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी रायचंदभाईंना पत्राने 27 प्रश्न विचारले. रायचंदभाईंनी त्यांची उत्तरे दिली, धीर धरण्यास सांगितले, आणि गांधीजींना त्यांच्याकडून काही पुस्तके मिळाली: ‘पंचीकरण’, ‘मणिरत्नमाला’, योगवासिष्ठातील मुमुक्षु प्रकरण आणि हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’.

ही यादी सावकाश पाहावी. देणारा निष्ठावान जैन, पण त्यात जैन आचार्याचा ग्रंथ एकच. तोही सहा दर्शनांचा परिचय करून देणारा. बाकीचे वेदान्ताकडे झुकलेले, वैष्णव घरात वाढलेल्या माणसाला आपल्या घरचे वाटतील असे. रायचंदभाईंनी स्वतःच्या आवडीचा ग्रंथ पुढे केला नाही. विचारणारा कोठे उभा आहे हे पाहून त्याच्या पुढच्या पावलाखाली येईल असा दगड ठेवला. तिशीही न गाठलेल्या जवाहिऱ्याला जे साधले, ते साठी उलटलेल्या पुष्कळ वडीलधाऱ्यांना साधत नाही.

आपल्या आचार्यांनीही वाचकाच्या सोयीचा विचार केलेला आहे. प्रथमानुयोग, करणानुयोग, चरणानुयोग आणि द्रव्यानुयोग हे चार विभाग पाठ करण्यापुरते आपल्याला येतात. पंडित टोडरमलांनी ‘मोक्षमार्गप्रकाशका’त या चारांच्या उपदेशाची पद्धत वेगवेगळी कशी, याचे एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यातला व्यावहारिक अर्थ साधा आहे. कथा-पुराणांत मन रमते त्याने तेथून आरंभ करावा. त्यात कमीपणा नाही. गणिताची आवड असलेल्या नातवाला ‘तिलोयपण्णत्ती’तील असंख्यात-अनंताच्या मोजणीची दोन पाने दाखविली, तर कदाचित तो पुराणकथेपेक्षा तेथेच अधिक थांबेल. नव्या सुनेला श्रावकाचाराची पोथी वाचावयास देताना तिचे स्वतःचे काही वाचन आहे का, हे आधी विचारले पाहिजे. बहुधा असते, विचारलेले नसते. सोलापुरात सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्या गावातील घरांत तरी बाईच्या हातातील पुस्तकाकडे कौतुकाने पाहिले जावे.

आणि प्रत्येक वेळी धर्मग्रंथच असला पाहिजे असेही नाही. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले वालचंद हिराचंद यांचे चरित्र दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुलाने वाचावे, विशेषतः धंदा मंद असेल त्या महिन्यात. ‘अर्धकथानका’ची हिंदी आणि इंग्रजी भाषांतरे मिळतात, बापलेकांनी ते मिळूनच वाचावे, कारण त्यात बापाच्या काळजीला आणि लेकाच्या हूडपणाला दोहोंनाही जागा आहे.

अडचण वेळेची सांगितली जाते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, म्हणजे झोपेपर्यंतची संध्याकाळ इतरांपेक्षा मोठी असते. दुकानातली माणसे मात्र तेव्हा गिऱ्हाइकांत असतात, त्यांचे जेवणही डब्यातच होते; हे विसरून चालणार नाही. म्हणून रोजचा आग्रह धरू नये. बाजार बंद असेल त्या दिवशी अर्धा तास पुरे. त्या अर्ध्या तासात वाचन नाही झाले तरी चालेल. प्रत्येकाने आपण काय वाचतो आहोत तेवढे सांगावे. नातीने तिच्या अभ्यासाबाहेरच्या गोष्टीचे पुस्तक सांगावे, आजीने पद्मपुराणातला अंजनेचा भाग, मुलाने व्यापारावरील एखादे. ‘मला हे कंटाळवाणे वाटले, मी सोडून दिले,’ असे म्हणण्याची मुभा सर्वांना असावी, आजोबांनाही. न खपणारा माल गोदामात अडकवून ठेवण्यात जसे शहाणपण नाही, तसे न उमगणारे पुस्तक उशाशी ठेवून मिरविण्यातही नाही. ते कोणाला तरी द्यावे, किंवा चार वर्षांनी पुन्हा उघडावे.

पुढचे पुस्तक ठरविताना घरात मतभेद होतील. व्हावेत. गजपंथ्याच्या त्या बैठकीतही सर्वांचे मत एकच असते तर ऊहापोहाची गरज पडली नसती. एका वेळी सर्वांनी एकच पुस्तक घेण्याचीही सक्ती नको. दोघे एक वाचतात, तिघे दुसरे वाचतात आणि महिन्याअखेर अदलाबदल होते, एवढे जमले तरी पुष्कळ. कोणी काय घेतले याची नोंद हवी असेल, तर जुन्या रोजमेळाची कोरी राहिलेली पाने उपयोगी पडतील. तारीख, नाव, पुस्तक आणि ‘कोणी सुचविले’ हा चौथा रकाना. तो रकाना रिकामा राहणार नाही इतके पाहावे.

यंदाच्या श्रुतपंचमीला कपाट उघडेल तेव्हा नवे वेष्टन चढविण्याआधी प्रत्येकाने एक ग्रंथ बाजूला काढून ठेवावा. बहुतेक घरांतील जुन्या पोथ्यांत कोठेतरी मोरपीस, दोरा किंवा घडी घातलेले लग्नपत्र खूण म्हणून घातलेले सापडते. आजोबा किंवा पणजी तेथवर आली होती. कोणता ग्रंथ निवडावा असा प्रश्न पडला, तर ती खूण जेथे आहे ते पान आधी उघडून पाहावे.